पुढच्या वर्षीचा पाऊस आणि मागच्या वर्षांचे आकडे

सोलापूरला 1933 साली कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सुरू झाले, त्याच दशकात मोहोळला स्थानिक मालदांडीतून एम 35-1 हे रब्बी ज्वारीचे वाण निवडले गेले. फिशरचे प्रचरण विश्लेषण तेव्हा नवे होते. 1954 मध्ये पानसे-सुखात्मे यांच्या ग्रंथाने ते आपल्या कृषी संशोधकांच्या हाती दिले. आयझेनहार्टने 1947 मध्ये स्थिर आणि यादृच्छिक परिणामांतला भेद स्पष्ट केला होता. कोरडवाहू प्रयोगांत तो कळीचा ठरतो तो ‘वर्ष’ या घटकापाशी. पेरणीच्या दिवशी शेतकऱ्याला जे ठाऊक असते ते स्थिर धरावे, जे नसते ते यादृच्छिक, असे मला वाटते. आपली जमीन उथळ की भारी, हे तो जाणतो. म्हणून उथळ जमिनीला फुले अनुराधा, भारीला फुले वसुधा अशी शिफारस करता येते. पेरणीनंतर पाऊस पडेल का, हे त्याला माहीत नसते. वर्ष स्थिर मानले, तर निष्कर्ष होऊन गेलेल्या हंगामांपुरताच उरतो. यादृच्छिक मानले, तर वाणांतला फरक वाफ्या-वाफ्यांतल्या त्रुटीशी नव्हे, वाण-वर्ष आंतरक्रियेशी ताडावा लागतो. कसोटी बहुधा कडक होते, आणि ती तशीच हवी.

तीन वर्षांच्या आकड्यांवरून वर्षांचे प्रचरण कसे काढणार, हा आक्षेप रास्त आहे. त्याला स्वातंत्र्यमात्रा दोनच मिळतात. पण वाणांच्या तुलनेत महत्त्व आंतरक्रियेला आहे, आणि दहा वाण असतील तर तिच्या मात्रा अठरा होतात. शिवाय माहिती तोकडी आहे म्हणून वर्ष स्थिर धरल्याने ती वाढत नाही, तोकडेपणा तेवढा झाकला जातो. दुसरा आक्षेप जास्त बोचतो: वर्षे म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढलेला नमुना नव्हे, 1972 सारखा दुष्काळ लागोपाठच्या तुटीनंतरही येतो. इथे मिश्र प्रतिमान कामी येते. जमिनीतली ओल मोजून ती स्थिर बाजूला घ्यावी, उरलेला चढउतार यादृच्छिक ठेवावा. वाफे करपून आकडे अपुरे राहिले, तरी पॅटरसन आणि थॉम्पसन यांच्या 1971 च्या पद्धतीमुळे हे गणित सुटते. वाणांचेही तेच: शेकडो नव्या ओळी चाळताना त्या यादृच्छिक धराव्यात, शिफारशीला उभे असलेले चार-पाच वाण मात्र स्थिरच.