पोस्टर खालून वर वाचा

रॉक महोत्सवाचं पोस्टर मी खालून वर वाचते. वरची ठसठशीत नावं सगळ्यांना ठाऊक असतात, तिकिटंही त्यांच्याच जोरावर खपतात. तळाशी बारीक अक्षरांत दहा-बारा नावं एका ओळीत कोंबलेली असतात, ती मी एकेक करून ऐकते. निम्मी पहिल्या मिनिटातच गळतात. दोन-तीन उरतात, आणि त्यांतलं एखादं काही वर्षांनी पोस्टरवर वर सरकलेलं दिसतं.

मी पेशानं चार्टर्ड अकाउंटंट, पन्नाशीला टेकलेली, राहायला पुण्यात. दिवसभर लोकांचे जीएसटी आणि टीडीएस, रात्री इंडी रॉक. ऑफिसातल्या आर्टिकलशिपच्या पोरांना याचं हसू येतं, पण नवीन काही ऐकायचं झालं की तीच केबिनच्या दारात उभी राहतात, "मॅडम, सध्या काय चांगलं आहे?"

इंडी म्हणजे मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय, पदरमोड करून गाणी रेकॉर्ड करणारे आणि स्वतःच ती लोकांपुढे आणणारे. आपल्याकडे त्याला सिनेमाबाहेरचं असाही अर्थ आहे. दिल्लीचा 'द लोकल ट्रेन' हिंदीत गातो, बंगळुरूचा 'परवाझ' उर्दूत आणि काश्मिरीत, पुण्याचे 'ईझी वाँडरलिंग्ज' इंग्रजीत. 'अभंग रिपोस्ट' तर संतांचे अभंग गिटार आणि ड्रम्सच्या साथीनं म्हणतो. यांच्यात साम्य शोधायला जाऊ नका. साम्य असलंच तर ते खर्चाच्या बाजूला आहे.

मग असे बँड आपल्यापर्यंत येत का नाहीत? हातात फोन आहे, फोनमध्ये जगातली सगळी गाणी आहेत. घोळ नेमका तिथेच आहे. स्पॉटिफायनं २०१५ साली 'डिस्कव्हर वीकली' सुरू केलं. दर सोमवारी तुमच्यासाठी ३० गाण्यांची ताजी यादी. तिच्यामागचा हिशेब साधारण असा: तुमच्यासारखीच गाणी ऐकणारे इतर लोक शोधायचे, त्यांच्या याद्यांमध्ये असलेली आणि तुम्ही न ऐकलेली गाणी तुमच्या पुढ्यात ठेवायची. गाण्याचा ठेका, सूर, वेग हेही यंत्र तपासतं, पण मुख्य भिस्त इतरांच्या आवडीवर. आता गेल्या आठवड्यात पहिलं गाणं टाकलेला सांगलीचा एखादा बँड घ्या. त्याचं गाणं कुणाच्याच यादीत नाही, म्हणून यंत्राला त्याचा शेजार-पाजार माहीत नाही, म्हणून ते कुणाला सुचवलं जात नाही, म्हणून ते कुणाच्या यादीत जात नाही. बँकेत नव्यानं कर्ज मागायला जाणाऱ्याला आधीच्या कर्जाचा इतिहास विचारतात, तसलाच हा प्रकार. यंत्र वाईट नाही, मी रोज वापरते. पण ते मला माझ्याच आवडीच्या गल्लीत फिरवून आणतं.

गल्लीबाहेर नेतं ते माणूस. या कामातला सगळ्यात थोर माणूस माझ्या मते जॉन पील. १९६७ पासून २००४ साली मृत्यू येईपर्यंत तो बीबीसीच्या 'रेडिओ वन'वर होता, आणि पोरासोरांनी पाठवलेल्या टेप ऐकून त्यातल्या हव्या त्या वाजवायचा. १९८१ साली शेफील्डमध्ये जार्विस कॉकर नावाच्या शाळकरी वयाच्या मुलानं त्याच्या हातात आपल्या बँडची टेप कोंबली. बँडचं नाव 'पल्प'. पीलनं टेप ऐकली आणि त्याच वर्षी पोरांना बीबीसीच्या स्टुडिओत बोलावून त्यांची गाणी रेकॉर्ड केली. 'कॉमन पीपल' हे गाणं गाजून पल्प इंग्लंडभर पोहोचला १९९५ साली. चौदा वर्षं! कुठलं यंत्र एवढा धीर धरेल?

पील आता नाही आणि आपल्याकडे तसा रेडिओही नाही. मग पील स्वतःच व्हायचं. त्यासाठी माझी आवडती रीत म्हणजे नावं धरून चालणं. ऑडिटमध्ये एका व्हाउचरवरून दुसऱ्यावर जातो, तशी. मुंबईत 'झीरो' नावाचा बँड होता. त्याचा गिटारवादक वॉरन मेंडोन्सा. त्याचं नाव धरलं की 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' लागतो: गाणारं कुणी नाही, गिटारच गाते. (शंकर-एहसान-लॉयमधले लॉय मेंडोन्सा याचे काका, पण पुतण्यानं वाट वेगळी धरली.) झीरोचाच ड्रमर सिड कूटो. त्याच्या मागे गेलात तर 'टफ ऑन टोबॅको' भेटतो, उन्हात बसल्यासारखी निवांत गाणी. ब्लॅकस्ट्रॅटब्लूजच्या ड्रम्सवर जय रो कवी दिसतो. त्याचा माग काढा, 'इंडस क्रीड'पाशी याल. हा बँड १९९३ पर्यंत 'रॉक मशीन' या नावानं वाजवत होता. एका नावापासून निघून मुंबईतल्या रॉकची तीन दशकं एका रविवारी ऐकून होतात. नवीन बँडसाठीही हेच करायचं. रेकॉर्डिंग कुणी केलं, मिक्सिंग कुणाचं, पाहुणा गायक कोण, हे अल्बमच्या तपशिलात लिहिलेलं असतं. चांगला कान असलेला ध्वनिमुद्रक भुक्कड बँडबरोबर फार काळ टिकत नाही.

दुसरी जागा बँडकॅम्प. २००८ साली निघालेलं हे संकेतस्थळ म्हणजे बँडनं थेट श्रोत्याला अल्बम विकायचं दुकान. तिथे गावाच्या नावानं शोधता येतं, पुणे म्हणा, शिलाँग म्हणा. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येक अल्बमखाली तो विकत घेतलेल्या लोकांची छोटी छोटी चित्रं असतात. एकावर बोट ठेवलं की त्यानं आणखी काय काय विकत घेतलं ते उघडतं. फुकट ऐकणं वेगळं, पैसे मोजणं वेगळं. पैसे मोजणाऱ्याच्या शिफारशीवर मी जास्त विश्वास ठेवते, धंद्याची सवय म्हणा हवं तर.

आणि शेवटी प्रत्यक्ष जाऊन ऐकणं. हे अवघड होत चाललंय, कारण जागा टिकत नाहीत. १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेन्डन्स रॉक' ज्या धोबीतलावच्या रंगभवनात रंगायचा, ते रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमात सापडलं. लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली उघडलेलं 'ब्लू फ्रॉग' २०१६ साली मिटलं. तरी शहरात कुठे ना कुठे पन्नास-शंभर माणसांचा कार्यक्रम असतोच. तिथे वेळेवर जा. सवाई गंधर्वला रसिक दुपारपासून सतरंजी धरून बसतात, रॉकच्या कार्यक्रमाला मात्र मुख्य बँडच्या तोंडावर येतात. सुरुवातीचा बँड मुख्य बँडनंच मुद्दाम निवडलेला असतो पुष्कळदा. तज्ज्ञानं फुकट दिलेली शिफारस आहे ती.

उभं राहायचं ते ध्वनियंत्रणेच्या टेबलामागे. सगळ्यात स्वच्छ तिथेच ऐकू येतं, कानही वाचतात. मला तिथली मुलं "काकू, खुर्ची देऊ?" विचारतात. मी घेते.

आवडलं तर पैसे द्या. स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम असा, की आधीच्या बारा महिन्यांत १००० वेळा न वाजलेल्या गाण्याला मानधनच नाही. बँडकॅम्प डिजिटल अल्बमच्या विक्रीतले १५ टक्के कापतं, आणि वर्षातल्या काही ठरावीक शुक्रवारी तेही सोडतं, ही पद्धत मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत सुरू झाली. कार्यक्रम संपल्यावर दाराशी घामाघूम ड्रमर स्वतःच टी-शर्ट विकत बसलेला असतो, तिथे तर मधे कुणीच नसतं. एक घ्या. मापाचा नसला तर भाच्याला द्या. यूपीआय चालतं.