जरीब म्हणजे काय?



मागच्या पावसाळ्याअखेरीस माळव्यातले दोघे सख्खे भाऊ आमच्याकडे आले. वडिलांमागे शेताची वाटणी व्हायची होती. घरच्या सुतळीच्या दोराने त्यांनी शेत मोजले. दोघांच्या वाट्याला सारखेच दोर आले, तरी धाकट्याचे शेत कमी दिसे. दादाने लबाडी केली असे त्याच्या मनाने घेतले आणि बोलणे बंद झाले.

आम्ही विचारले, "मोजलेत केव्हा?" धाकट्याचा वाटा सकाळी दवात मोजला होता, दादाचा भर दुपारी. लबाडी कोणाचीच नव्हती. दोर भिजला की आखडतो, वाळला की पुन्हा लांबतो.

हे दुखणे जुने आहे, आणि 'जरीब' या शब्दात त्याची आठवण आहे. हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. मुळात जरीब हे धान्याचे माप. तेवढे बी जितक्या जमिनीत पेरावे, ती जमीनही जरीब. कोकणात खंडी हे धान्याचे माप जमिनीसाठीही चालत असे, तसेच हे. अफगाणिस्तानात जरीब आजही जमिनीचेच माप आहे, सुमारे 2000 चौरस मीटरचे. हिंदुस्थानात मात्र ज्याने जमीन मोजायची, त्या दोराला आणि पुढे साखळीलाही जरीब म्हणू लागले. ती ओढणारा तो जरीबकश.

अकबराच्या काळी मोजणीचा दोर तागासारख्या वाखाचा असे. सकाळी तो दवाने आखडे आणि रयतेचे नुकसान होई. दुपारी वाळून लांबे आणि सरकारचा सारा बुडे. हे अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त नोंदवले आहे. म्हणून 1575 च्या सुमारास लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची जरीब आली. ती 60 गजांची, आणि 60 गज लांब व 60 गज रुंद जमीन म्हणजे एक बिघा.

इंग्रजी अमलात लोखंडी साखळी आली. एडमंड गंटर याने 1620 मध्ये प्रसिद्ध केलेली ही साखळी 66 फुटांची, 100 कड्यांची. अशा 10 चौरस साखळ्यांचा एक एकर. उत्तरेकडे पटवारी तिलाही जरीबच म्हणत. मुंबई इलाख्यात, म्हणजे बेळगावकडेही, साखळी 33 फुटांची आणि तिचे आणे 16. तिच्या एका चौरसाचा एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर.

चूक किती महाग पडते ते पाहा. 66 फुटी दोर दोनच फूट आखडला, तर 10 एकरांचे चौरस शेत 10.63 एकर भरते. अर्ध्या एकराहून अधिक जमीन नुसती कागदावर वाढते!

म्हणून घरी मोजताना सुतळीचा दोर नको, पोलादी फीत घ्यावी. तीच फीत सर्व वाट्यांना लावावी आणि मोजताना सर्व वाटेकरी हजर असावेत. खुणेचे दगड लगेच पुरावेत. मात्र वाटणी कागदावर आणायची तर सरकारी मोजणीच करून घ्यावी.

त्या दोघा भावांनी फितीने पुन्हा मोजले. बांध दोन हात सरकला. धाकट्याने दादाची क्षमा मागितली, आणि त्या दिवशी दोघे एका ताटात जेवले.