उंबरठ्याच्या आतला ख्रिस्त

संपादकांनी मराठी ख्रिस्ती शिष्यत्वाचा आढावा मागितला आणि वर ‘वाद नको’ अशी पुस्ती जोडली. आढावा देतो, पुस्तीचा शब्द मात्र देत नाही. या विषयावर गेली काही वर्षे जे छापून येते, त्यातले निम्मे वाचून माझे पित्त खवळते. एक विद्वान बाप्तिस्म्यांच्या नोंदी मोजतात आणि त्यालाच इतिहास म्हणतात. दुसरे मिशनच्या इमारतींची यादी देतात. तिसरे आपले ख्रिस्ती साहित्यिकांची नामावळ म्हणून मोकळे होतात. येशूच्या मागे चालायचे म्हणजे सकाळी उठून नेमके काय करायचे, याबद्दल तिघेही अवाक्षर काढत नाहीत.

माझी कसोटी साधी आहे. बाप्तिस्म्यानंतर माणसाच्या घरात काय बदलले? पाणी कोणाच्या हातचे चालू लागले, पंगतीला कोण बसले, पगाराचे काय झाले, चारचौघांत मान कमी झाला तेव्हा तो कसा वागला? डोंगरावरील प्रवचन पाठ असणारे पुष्कळ भेटतात. ते स्वयंपाकघरापर्यंत पोचले की नाही, हे मला पाहायचे असते.

फादर स्टीफन्सपासून सुरुवात करण्याची प्रथा आहे, म्हणून नमस्कार करून पुढे जातो. १६१६ साली छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ ही मराठीची दौलत आहे, पण त्याच्यावर लिहिणारे भरपूर आहेत. बाबा पदमनजींचेही तेच. १८५४चा बेळगावचा बाप्तिस्मा, १८५७ची ‘यमुनापर्यटन’, ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र, हे सगळे अभ्यासक्रमात गेलेले आहे. पदमनजी लेखणीने झिजले, यात शंका नाही. पण त्यांच्याकडे मी जातो तो विचार कसा बदलला हे पाहायला. घर कसे बदलले हे पाहायला दुसरीकडे जावे लागते.

आमच्या उमरखेडहून पैनगंगा ओलांडली की मराठवाडा लागतो. त्याच मराठवाड्यात जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवले. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण. त्याला मुंबईत राहून वादविवाद जिंकत आयुष्य काढता आले असते. त्याने निजामाच्या मुलखात जमीन मिळवली आणि गावकुसाबाहेरच्या माणसांबरोबर गाव उभे केले. १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत तो बोलला, याचे कौतुक आमच्या लेखकांना फार. मला त्याचे बेथेलला परत येणे मोठे वाटते. भाषण करून परत मातीत येणारी माणसे तेव्हाही थोडीच होती.

पंडिता रमाबाईंवर मी थोडे थांबणार आहे, कारण त्यांच्याविषयी दोन्हीकडून अन्याय झाला. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा झाला म्हणून इकडच्यांनी त्यांना परके ठरवले. वाँटेजच्या मंडळींना वाटले, आता ही आपल्या म्हणण्यात राहील. बाई कोणाच्याच म्हणण्यात राहिल्या नाहीत. ज्या सिस्टरना त्या आईसारखे मानत, त्यांच्याशीही त्या मतप्रश्नावर पत्रांतून भांडल्या. ज्याला प्रभू म्हटले त्याचे ऐकायचे, मधल्या मुकादमांचे नाही, हा त्यांचा बाणा. १८८९ साली मुंबईत त्यांचे विधवांसाठीचे शारदासदन निघाले, पुढे ते पुण्याला गेले, आणि १८९३ साली मुली ख्रिस्ती होत असल्याच्या बोभाट्यावरून रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले. तरी सदन चालूच राहिले. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या. तिथे शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्यांसाठी शिक्षण, सगळे उभे राहिले. म्हातारपणी हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र उतरवायला त्या बसल्या. ते केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापले, आणि छापण्याच्या कामात तिथल्याच मुली होत्या. मुलगी मनोरमा १९२१ साली गेली, आई १९२२ साली. आजही कोणी मला विचारले की शिष्यत्व कुठे पाहायला मिळेल, तर पुणे-दौंड मार्गावर केडगावला उतरा, असे सांगतो.

आता टिळक. नारायण वामन टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ ही पाटी लावून आम्ही शाळेच्या फळीवर ठेवून दिले. विदर्भाचा त्यांच्यावर हक्क आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार दिला आणि तिथून सगळे सुरू झाले. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. नगरला अमेरिकन मिशनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही येशूचे शिष्य म्हणून एकत्र राहतील, असा तो डाव होता. दोन वर्षांत टिळक गेले आणि डाव मोडला. तरी ठिणगी विझली नाही. जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूने टिळकांचे चरित्र लिहिले आणि १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढला. त्याच संघात पुढे व्हेरिअर एल्विन हा दुसरा इंग्रज पुण्याला आला. इंग्रजाने मराठी माणसाकडून येशू शिकावा, ही उलटी गंगा टिळकांनी वाहवली.

पण माझा जीव आहे तो टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर, आणि या बाबतीत मी कोणाचेही ऐकत नाही. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे विनोदी, खुमासदार आत्मचरित्र म्हणून वाचायची सवय समीक्षकांनी लावली. बाई हसवतात, हे खरे. त्या हसण्याखाली मराठीतली एका शिष्येची सगळ्यात प्रामाणिक वाटचाल आहे, हे आमच्या पाळकांना दिसले नाही आणि समीक्षकांना पाहायचे नव्हते.

वाटचाल कुठून सुरू होते पाहा. जलालपूरच्या गोखल्यांचे घर. वडिलांना सोवळ्याचे असे वेड की घरात आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत जायची नाही. अशा घरातली मुलगी अकराव्या वर्षी टिळकांच्या घरी येते. तो नवरा घरखर्चाचे पैसे रस्त्यातच कोणाला तरी देऊन येणारा आणि कळवल्याशिवाय गाव सोडणारा. एक दिवस तो ख्रिस्ती झाल्याचे कळते. बाई कोसळतात. माहेरची माणसे सावरतात. नवरा-बायकोची वर्षानुवर्षे ताटातूट होते. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या, तरी चुलीचे सोवळे सुटले नव्हते. नवऱ्याच्या धर्मात त्या नवऱ्यामागोमाग गेल्या नाहीत, हे लक्षात घ्या. स्वतःचा बाप्तिस्मा त्यांनी स्वतःच्या वेळेला, १९०० साली घेतला.

त्याच्या आधी एक रात्र आहे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न बाई एकट्याच उलगडत बसतात. पुस्तक नाही, पाळक नाही, नवऱ्याचे व्याख्यान नाही. देवाने जाती केल्या असत्या तर माणसांच्या अंगावर काही खूण दिली असती, अशा सरळ वाटेने त्या जातात. सकाळपासून कोणाच्याही हातचे खायला मोकळ्या. ज्या घरात मीठमिरचीसुद्धा पाण्याने शुद्ध करून घ्यायची, त्या घरातली ही मुलगी. हा प्रसंग मी रविवारच्या शाळेत मुलांना वाचून दाखवत असे, तेव्हा मागच्या बाकावरची दांडगी मुलेही गप्प होत. मराठी ख्रिस्ती धर्मशास्त्र कुठे सुरू झाले, असे परीक्षेत विचारले तर मी या रात्रीला पूर्ण गुण देईन.

आणि मग बाई कामाला लागल्या. नगरला प्लेग आला तेव्हा मिशनच्या मुलींची शुश्रूषा त्यांनी केली. टिळक घरी पोर घेऊन येत, बाई त्याला जेवू घालून वाढवत. बालकवी ठोंबरे त्याच घरात राहिला आणि तिथे त्याला आई मिळाली. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ सुरुवातीच्या अध्यायांतच थांबले होते. ज्या बाईला लिहायला-वाचायला लग्नानंतर नवऱ्याने शिकवले, तिने त्या महाकाव्याचा मोठा भाग रचला. टिळक आधी धावत सुटले आणि वाट दाखवली. ती वाट रोज झाडून चालती ठेवली लक्ष्मीबाईंनी. दोघांत मोठा शिष्य कोण, असे विचाराल तर मी बाईंचे नाव घेतो. एका चर्चासत्रात हे बोललो तेव्हा अध्यक्षांनी घड्याळ दाखवले होते. इथे अध्यक्ष नाहीत.

आमच्या यवतमाळ जिल्ह्याचा हिशेबही यातच मांडतो. पांढरकवड्याकडच्या उमरीला मिशनचे रुग्णालय उभे राहिले. यवतमाळला १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. देशभरातली पोरे धर्मशास्त्र शिकायला कापसाच्या या मुलखात येत. १९८३ साली सेमिनरी पुण्याला गेली. सोयी वाढल्या असतील, जिल्ह्याचा मात्र तोटा झाला. सेमिनरीतल्या पदव्यांचे मला फारसे कौतुक नव्हते. सुट्टीच्या दिवशी ती पोरे सायकलवर खेड्यांत जात, ओसरीवर बसत, त्यांची मराठी मोडकी असे आणि वऱ्हाडी माणसे ती हसत हसत दुरुस्त करत. ते जाणे-येणे बंद पडले.

वर्ध्याचे जे. सी. कुमारप्पा या यादीत कोणी घेत नाही. तमिळ ख्रिस्ती, लंडन-अमेरिकेत हिशेबतपासणी आणि अर्थशास्त्र शिकलेले, आणि राहिले मगनवाडीत, घाणी आणि हातकागदाच्या संगतीत. येशूच्या आचारावरचे त्यांचे पुस्तक तुरुंगात लिहिले गेले आणि १९४५ साली आले. गांधीवाले त्यांना आपले म्हणतात, ख्रिस्ती मंडळी त्यांना विसरली. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे नाव मात्र ताजे आहे. हरित वसईसाठी गुंडगिरीपुढे उभे राहिले, ‘सुबोध बायबल’ लिहिले, २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि २०२४च्या जुलैत गेले. अध्यक्षपदावरून गदारोळ झाला तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही. दुसरा गाल पुढे करणे मी छापील पानाबाहेर पाहिले ते तिथे.

आता आजचे. लिहू नये असे वाटते, पण लिहितो. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर वाढलेल्या या वऱ्हाडात टिळकांची भजने परकी वाटायचे कारण नव्हते. आमच्या लहानपणी एक उपदेशक एसटीने यायचे. धोतर, कोट, काखेत चिपळ्या. देवळाच्या पारावरची माणसेही त्यांचे ख्रिस्ती कीर्तन उभ्याने ऐकत, आणि कीर्तन संपल्यावर चहा कोणाच्या घरी यावरून ओढाओढ होई. आज उपासनेत कीबोर्ड आहे, ड्रम आहे, पडद्यावर गाण्याचे शब्द आहेत, आणि ते शब्द कुठल्या तरी इंग्रजी गाण्याचे ओढून आणलेले. संदेश ऐकावा तर येशू तुमचा धंदा वाढवेल, पोराला व्हिसा मिळवून देईल. क्रूस उचलायचे कोणी बोलत नाही. मिशनच्या जागांवरून भावाभावांचे खटले चाललेत. आणि सगळ्यात लाजेची गोष्ट म्हणजे सोयरीक जुळवताना बाप्तिस्म्याआधीची जात अजून हळूच विचारली जाते. लक्ष्मीबाईंनी एका रात्रीत सोडली ती आम्हाला तीन पिढ्यांत सुटली नाही.

काही तरुण अभ्यासक म्हणतात, हे म्हाताऱ्यांचे रडगाणे आहे. असेल. पण तेच अभ्यासक आजच्या मंडळीवर लिहिताना उपस्थिती आणि वर्गणीचे आकडे देतात, घरातले काही सांगत नाहीत. तेव्हा माझ्या रडगाण्याला अजून कामधंदा आहे.

तर वाचकहो, विनंती एवढीच. आपल्या भागातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत कोणी ना कोणी बायबलबाई होऊन गेली आहे, कोणी मिशनच्या दवाखान्यात कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणारी नर्स, कोणी पगाराचा दशांश न चुकता काढून ठेवणारा शिपाई. मंडळीच्या वहीत त्यांची फक्त जन्म-मृत्यूची नोंद आहे. त्यांना ओळखणारी माणसे अजून हयात आहेत. या नाताळच्या सुट्टीत वही घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि त्या माणसाने रोज काय केले, ते विचारून लिहून घ्या. पुढच्या वर्षी आढाव्याला हीच पाने मिळाली तर मी पाच ओळींची प्रस्तावना लिहीन आणि बाकीचा अंक त्यांच्या स्वाधीन करीन.