छातीतला खोकला: ब्राँकायटिसबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

ब्राँकायटिस म्हणजे फुप्फुसांकडे हवा नेणाऱ्या श्वासनलिकांच्या अस्तराला आलेली सूज. अस्तर सुजले की बेडका वाढतो आणि तो बाहेर टाकण्यासाठी खोकला येतो. सर्दीपडशापाठोपाठ येणारा तीव्र ब्राँकायटिस आपोआप बरा होतो. दीर्घकालीन ब्राँकायटिस वर्षानुवर्षे सोबत राहतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीसारख्या जंगल तालुक्यात या दोन्हींची आणि न्यूमोनियाची गल्लत होणे महागात पडते.

सुई घेतल्याशिवाय छातीतला खोकला जात नाही, ही समजूत पक्की आहे. प्रत्यक्षात तीव्र ब्राँकायटिसच्या दहांपैकी नऊ रुग्णांत कारण विषाणू असतो आणि अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. बेडका पिवळा किंवा हिरवा दिसला म्हणजे अँटिबायोटिक हवेच, हेही खरे नाही. तो रंग शरीराच्या पांढऱ्या पेशींमुळे येतो. ताप उतरल्यावरही खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. विश्रांती, कोमट पाणी आणि धुरापासून दूर राहणे एवढ्यावर बहुतेकांचे भागते. मधाने खोकल्याला आराम पडतो, पण एक वर्षाखालील बाळाला तो मुळीच देऊ नये.

लहान मुलांबाबत मात्र उलटा गैरसमज घातक ठरतो: ‘साधा खोकला आहे, जाईल.’ न्यूमोनिया ओळखायचा तो खोकल्याच्या आवाजावरून नव्हे, श्वासाच्या वेगावरून. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर तो वेगवान श्वास होय. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल किंवा सुस्त पडले असेल, तर तातडीने रुग्णालयात न्यावे. इथे अँटिबायोटिक जीव वाचवते. याचा पुरावा गडचिरोली जिल्ह्यातच तयार झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ५८ गावांत आरोग्यदूत आणि दाईंना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले. मोजता न येणाऱ्या दाईंसाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधन बनवले. १९९० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गावांत पाच वर्षांखालील मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. शाळेची पायरी न चढलेल्या बाईच्या हाती हे ज्ञान देता येते, ही त्या कामाची सर्वांत मोठी शिकवण.

सलग दोन वर्षे, दर वर्षी किमान तीन महिने बेडक्यासह खोकला राहिला, तर तो दीर्घकालीन ब्राँकायटिस. हा फक्त बिडी ओढणाऱ्यांना होतो, असे मानले जाते. बिडी हे मोठे कारण आहेच, पण बंद खोपटात लाकडाच्या चुलीपुढे रोज कित्येक तास बसणाऱ्या, कधीही बिडी न ओढलेल्या बायकांनाही तो होतो. धूर बाहेर जाण्याची वाट करणे, शक्य तेव्हा गॅस वापरणे आणि तान्ह्या मुलाला चुलीपासून दूर ठेवणे हाही उपचाराचाच भाग आहे. बिडी सोडून खर्रा धरणे हा उपाय नव्हे. खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग होतो. दम लागणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या पंपाची ‘सवय लागते’ ही भीतीही निराधार आहे. पंपातले औषध थेट श्वासनलिकेत जाते, त्यामुळे ते कमी मात्रेत पुरते.

प्रत्येक खोकला ब्राँकायटिसचा नसतो. दोन आठवड्यांवर गेलेल्या खोकल्यासाठी क्षयरोगाची थुंकी तपासणी करावी. ती आणि उपचार सरकारी केंद्रात मोफत आहेत. सोबत ताप असेल तर या भागात मलेरियासाठी रक्त तपासणे आवश्यक आहे. सिकलसेलच्या रुग्णाला खोकल्याबरोबर ताप, छातीत दुखणे किंवा धाप जाणवली, तर एक दिवसही थांबू नये. बेडक्यात रक्त, निळसर ओठ किंवा बसल्या जागी धाप दिसली, तरी तेच.

पावसाळ्यात नाले भरले की दूरच्या पाड्यांचे रस्ते बंद होतात. म्हणून मुलाला खोकला सुरू होताच आशाताईंकडून श्वास मोजून घ्यावा आणि वेग जास्त निघाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.