दिव्याखाली अंधार

जून आला, की घराघरांत कॉलेजची तयारी सुरू होते. नवी सॅक, नवे ड्रेस, मोबाईल. दोन वर्षांपूर्वी आमची थोरली पुण्याला हॉस्टेलवर गेली, तेव्हा मीही लाडू-चकल्यांचे डबे भरून दिले आणि निश्चिंत झाले.

ऑगस्टमध्ये तिच्या मैत्रिणीचा फोन, ''काकू, ही वर्गात चक्कर येऊन पडली.'' हिमोग्लोबिन निघालं साडेआठ! सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी वडापाव. पाळीत अंगावरून जास्त जात होतं, पण सांगायचं कुणाला म्हणून गप्प. डॉक्टरांनी विचारलं, ''कुठल्या औषधाची ॲलर्जी?'' तिला सांगता येईना. लहानपणी सल्फाच्या गोळीने अंगभर पुरळ उठलं होतं, ते फक्त मला ठाऊक. अठरा वर्षं तिचं दुखणंखुपणं मीच सांभाळलं, तिच्या हाती कधी दिलंच नाही.

मी वस्तीतल्या मुलींना ॲनिमियाची माहिती देते. हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे ॲनिमिया. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना तो आढळला. हे सगळीकडे सांगत फिरले आणि माझ्याच घरी ही गत!

यंदा धाकटी चालली आहे. या वेळी तयारी एप्रिलपासूनच. आधी रक्ततपासणी. डॉक्टरांकडे ती एकटी आत गेली, मी बाहेर बसले. जीव खालीवर होत होता, पण बसले! रक्तगट, ॲलर्जी, झालेल्या लशी तिने स्वतःच्या हाताने वहीत लिहिल्या. तेव्हा कळलं, सोळाव्या वर्षी घ्यायची धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस राहूनच गेली होती. ती घेतली.

खाण्याचंही ठरवलं. सकाळी उपाशीपोटी बाहेर पडायचं नाही. खोलीत भाजलेले चणे, शेंगदाणे, गूळ असू द्यायचा. पोह्यांवर, उसळीवर लिंबू पिळायचं, त्याने अन्नातलं लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा नको. रात्री मोबाईल बाजूला ठेवून सात-आठ तास झोप. आणि मन उदास झालं तर आधी मला फोन. मला सांगता येत नसेल तर 14416, सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा.

परवा ती म्हणाली, ''आई, पुढच्या तपासणीची तारीख मी लिहून ठेवलीय. तू आठवण करू नकोस.''

मैत्रिणींनो, लाडू जरूर द्या. पण ही वहीसुद्धा मुलांच्या हाती द्या.