ओले बूट आणि तापलेली डिकी

ओमानमध्ये डोंगर चढण्याचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. मस्कतमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या आणि सह्याद्रीची सवय असलेल्या मराठी माणसाला हजर पर्वतरांग लगेच खुणावते. पण इथली चुनखडी पायाखाली धारदार लागते. सुमारे 3000 मीटर उंचीच्या जबल शम्सकडे जाताना कापडी बूट लवकर फाटतात, म्हणून जाणकार चामड्याचे बूट घेतात. ते तडकले की दोष जातो वाळवंटी हवेला. माझ्या मते खरे नुकसान वेगळ्याच वेळी होते. वादीतल्या, म्हणजे दरीतल्या ओढ्याच्या पाण्यातून बाहेर आल्यावर ओले बूट उन्हातल्या गाडीच्या डिकीत टाकून आपण जेवायला बसतो, तेव्हा.

चामडे म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे दाट जाळे. त्याच्या प्रत्येक रेणूत तीन साखळ्या एकमेकींना पीळ घालून बसलेल्या असतात. कच्चे, ओले कातडे साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत तापले की हा पीळ सुटतो, कातडे आक्रसते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. कमावल्यावर ही मर्यादा वर जाते. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे ओले असताना 70 ते 85 अंशांपर्यंत तग धरते. बहुतेक ट्रेकिंग बुटांचे चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते; ते 100 अंशांच्या आसपासही टिकते. कोरडे असेल तर कोणतेही चामडे याहून जास्त उष्णता सोसते. पाणी आणि उष्णता एकत्र आली की धोका वाढतो.

उन्हात बंद गाडीच्या आत 60 अंशांच्या पुढे तापू शकते. क्रोमचे चामडे तेवढ्याने आक्रसणार नाही, पण त्रास चुकत नाही. झपाट्याने सुकताना वरचा थर आधी आखडतो, आत ओल राहते. तंतू एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कारखान्यात चामड्यात स्निग्ध पदार्थ मुरवलेले असतात. ते जागा सोडू लागतात. मधमाशीचे मेण 62 ते 64 अंशांना वितळते, त्यामुळे वर चोळलेले मेणही पातळ होऊन ओघळते. तळवा धरून ठेवणारा गोंद मऊ पडतो.

म्हणून बूट सावलीत, नाडी सोडून, आतला पातळ तळ काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून सुकवावेत. समुद्राचे पाणी किंवा घाम लागला असेल तर आधी गोड्या पाण्याने पुसावेत. मिठाचे स्फटिक चामड्यात वाढत गेले की तंतू दुखावतात. मेण किंवा क्रीम लावायचे ते थोडेच, चामडे जवळजवळ सुकल्यावर. जवसाचे तेल मात्र नकोच. हवेतल्या ऑक्सिजनने ते कडक होते आणि चामडे तडकवते.

किनाऱ्यावरची दमट हवा हे दुसरे संकट. मस्कतच्या आग्नेयेला असलेल्या कुरय्यातमध्ये जून 2018 मध्ये एका अख्ख्या दिवसरात्रीत तापमान 42.6 अंशांच्या खाली उतरले नव्हते. अशी उष्णता आणि दमट हवा बुटाच्या मधल्या थराला फार बाधते. हा थर बहुधा पॉलियुरेथेनच्या फेसाचा असतो. हवेतली वाफ त्यातल्या रेणूंच्या साखळ्या तोडते आणि काही वर्षांत तो चुरा होऊन सुटतो. न वापरता कपाटात ठेवलेले बूटही यातून सुटत नाहीत. सलालाहमध्ये खरीफच्या, म्हणजे तिथल्या पावसाळी हंगामाच्या धुक्यात, जून ते सप्टेंबर, कपाटातल्या चामड्यावर बुरशी धरते, अगदी कोकणातल्या पावसाळ्यासारखी.

हंगामाच्या सुरुवातीला तळव्याच्या बाजूने अंगठा जोरात दाबून पाहा. फेस ठिसूळ लागला, भुगा पडला किंवा भेग दिसली तर चांभाराकडून किंवा कंपनीकडून नवा तळवा बसवता येतो का, ते विचारा. नीट राखलेले वरचे चामडे अशा एकाहून जास्त तळव्यांना पुरते. ही तपासणी घरीच उरकावी. जबल शम्सच्या परिसरातल्या अल खितैमहून जुन्या, ओस पडलेल्या अस सब गावाकडे जाणाऱ्या कड्यालगतच्या पायवाटेवर तळवा सुटला तर परतीचे प्रत्येक पाऊल धोक्याचे होते.