१४.४ व्होल्टचा शिरस्ता

जबलपुरातील मदन महलच्या परिसराला ज्या टेकड्यांनी रूप दिले आहे त्या साऱ्या ग्रॅनाइटच्या असून, ज्या गोंडकालीन वास्तूवरून या वस्तीस नाव मिळाले तीही अशाच एका प्रचंड शिळेवर उभी आहे. हा पाषाण दिवसभर ऊन शोषून घेतो आणि रात्री ते सावकाश परत करतो. त्यामुळे मे महिन्यात, पारा चाळीस अंशांच्या पलीकडे गेलेला असता, इथली घरे मध्यरात्र उलटली तरी निवत नाहीत. जानेवारीच्या पहाटे मात्र तोच पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. ज्या नागपूरशी जबलपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात नांदले, तेथील मंडळींनी आपल्या उन्हाळ्याची प्रौढी खुशाल मिरवावी. थंडीच्या बाबतीत त्यांना जबलपूरची सरशी मान्य करावीच लागेल.

हवामानाची ही कैफियत मांडण्याचे कारण असे की, गच्चीवर सोलर पॅनेल आणि जिन्याखाली शिसे-आम्लाची बॅटरी ठेवून जे गृहस्थ विजेच्या बाबतीत काहीसे स्वयंपूर्ण होऊ पाहतात, त्यांच्या भिंतीवरचा चार्ज कंट्रोलर कारखान्यातून येतानाच बॅटरी भरण्याच्या कमाल दाबाचा एक आकडा घेऊन येतो, आणि तो आकडा बहुधा १४.४ व्होल्ट असतो. रेवा येथील ७५० मेगावॉटच्या सौर प्रकल्पास ही विवंचना नाही, कारण तिथली वीज थेट ग्रीडमध्ये जाते. साठवणुकीचा प्रश्न ज्याच्या दारी असतो त्यालाच व्होल्टचा हिशेब करावा लागतो. १४.४ हा आकडा खोटा नव्हे. पण तो २५ अंश तापमानासाठी दिलेला असतो, ही अट माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक टाइपात असते, आणि मदन महलातील जिन्याखाली २५ अंश तापमान वर्षातून फारच थोडे दिवस नांदते.

या आकड्याचे मूळ पाहण्यासाठी थोडे मागे जाणे इष्ट होईल. गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे पत्रे गुंडाळून सौम्य गंधकाम्लात बुडवले आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी सिद्ध केली. १८८१ साली कामीय फोर याने शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन तिची धारणशक्ती वाढवली. वीज खर्च होते तेव्हा धन व ऋण या दोन्ही पट्टिकांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होत जाते. वीज भरताना हाच व्यवहार उलट्या क्रमाने होतो. प्रत्येक सेलचा विद्युत्दाब सुमारे २ व्होल्ट, आणि असे सहा सेल मिळून आपली १२ व्होल्टची बॅटरी.

आता येथे एक विलक्षण गोष्ट आहे. उष्मागतिकीच्या नियमानुसार पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन यांत विघटन घडवून आणण्यास १.२३ व्होल्ट पुरेसे आहेत. मग ज्या सेलमध्ये २ व्होल्टचा दाब सदासर्वकाळ पाणीमिश्रित आम्लात उभा आहे, ती बॅटरी आपल्याच पाण्याचा वायू करून कधीच रिकामी का होत नाही? कारण इतकेच की, शिशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन मुक्त होण्याची क्रिया अतिशय मंद आहे. गेली दीडशेहून अधिक वर्षे चालत आलेला हा सारा व्यवहार या एका आळसावर उभा आहे. सेलमागे २.३५ ते २.४ व्होल्टपर्यंत दाब चढला म्हणजे तो आळस मोडतो, बुडबुडे जोराने येऊ लागतात आणि पाणी घटू लागते. या सीमेला सहाने गुणले की १४.१ ते १४.४ हे आकडे मिळतात.

उष्णतेने सेलचा मूळ विद्युत्दाब फारसा बदलत नाही; बदलतो तो हा आळस. आम्ल तापले की वायू सुटण्याची आणि पट्टिकेची जाळी गंजण्याची क्रिया शीघ्र होते, म्हणजेच सीमा खाली सरकते. आम्ल थंडावले की ती वर जाते आणि त्याच दाबाने सल्फेट पुरते विरघळत नाही. म्हणून निर्माते दर अंशामागे दर सेलला ३ ते ५ मिलिव्होल्टची दुरुस्ती सांगतात. मधला ४ हा आकडा धरला तर १२ व्होल्टच्या बॅटरीस अंशामागे २४ मिलिव्होल्ट. जानेवारीत बॅटरीचे अंग १२ अंशांवर असेल तर १४.४ मध्ये ०.३ मिळवून सुमारे १४.७ हवेत, मे महिन्यात ते ४२ अंशांवर गेले की ०.४ वजा करून १४.० पुरेत. फ्लोटचा, म्हणजे भरलेली बॅटरी तशीच राखण्याचा, १३.६ हा आकडाही त्याच न्यायाने मे महिन्यात १३.२ होतो. एकाच बॅटरीच्या दोन ऋतूंतील मागणीत पाऊण व्होल्टाच्या आसपास अंतर पडते, आणि भिंतीवरचा साधा कंट्रोलर मात्र बाराही महिने एकच फर्मान बजावत राहतो.

बऱ्याच कंट्रोलरांत तापमानानुसार दुरुस्तीची सोय असते; पण स्वस्त नमुन्यांत उष्णता मोजणारा सेन्सर यंत्राच्या पेटीतच बसवलेला असतो. ती पेटी उन्हाने तापलेल्या भिंतीवर असेल तर बॅटरी गार असूनही उपाशी राहते. सेन्सर लांब तारेने बॅटरीच्या अंगालाच चिकटवावा, हा बंदोबस्त अल्प खर्चाचा असूनही क्वचितच कोणी करतो.

तारेचा विषय निघालाच आहे तर तोही पुरा करतो. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ५ मीटर अंतरावर नेली, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर, तर तिचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो, आणि १० अँपियरचा प्रवाह वाहताना तीत ०.७ व्होल्ट गळतात. कंट्रोलरच्या पडद्यावर १४.४ झळकत असता बॅटरीच्या टर्मिनलवर १३.७ पोचतात. जानेवारी-मे यांच्यातील सारा फरक एका बारीक तारेने गिळून टाकावा, हे ध्यानात आले म्हणजे दशांश चिन्हापुढच्या अंकांवरून चाललेले वाद जरा हास्यास्पद वाटू लागतात. कंट्रोलर बॅटरीच्या हातभर अंतरावर असावा आणि आकडा मल्टिमीटर लावून बॅटरीवरच पाहावा.

सौर व्यवस्थेत आणखी एक अडचण आहे. ग्रीडच्या विजेवर भरणाऱ्या इन्व्हर्टरला सारी रात्र मोकळी असते. सूर्याजवळ मुदत थोडी. सीमेचा दाब गाठेपर्यंत बॅटरी झपाट्याने भरते, पण पुढचा शेवटचा पाचवा हिस्सा, धान्याचे माप हलवून हलवून शीग लावावी तसा, तासन्‌तास घेतो. म्हणून १३.८ व्होल्टचा जो दाब सतत ग्रीडवर असलेल्या बॅटरीस मानवतो, तोच सौर पद्धतीत अपुरा पडतो. रोज थोडी बाकी राहते, आणि न विरघळलेले सल्फेट हळूहळू कठीण स्फटिक बनून पट्टिकेवर कायमचे ठाण मांडते. पाणी टाकण्याच्या ट्यूब्युलर बॅटरीत दाब किंचित अधिक ठेवणे मला श्रेयस्कर वाटते, कारण अतिरेकाची किंमत मुख्यतः डिस्टिल्ड पाण्याच्या रूपाने चुकवता येते. बंद अंगाच्या, म्हणजे जेल वा तत्सम बॅटरीत ही सवलत नाही. तिथे गेलेले पाणी परत येत नाही, सबब १४.१ च्या आसपासच थांबावे आणि इक्वलाइझचा, म्हणजे मुद्दाम चढ्या दाबाने भरण्याचा, पर्याय बंद ठेवावा.

दाबाच्या खालच्या टोकाचा हुकूम बहुतेक घरांत लागूच होत नाही. कंट्रोलरमध्ये ११.५ व्होल्टला भार तोडण्याची तजवीज केलेली असते खरी, पण इन्व्हर्टर थेट बॅटरीला जोडलेला असल्यामुळे तो त्या अंमलाबाहेर राहतो आणि स्वतःच्या नियमाने १०.५ पर्यंत बॅटरी पिळून काढतो. ज्या इन्व्हर्टरमध्ये ही मर्यादा बदलता येते त्यात ती वर उचलून घ्यावी.

पावसाळ्यातील मेघाच्छादित आठवड्यांनंतर, सप्टेंबरात ऊन स्थिरावले म्हणजे, ट्यूब्युलर बॅटरीस तास-दोन तास १५ ते १५.५ व्होल्टचे इक्वलाइझ चार्जिंग द्यावे. तत्पूर्वी पट्टिका आम्लात बुडालेल्या आहेत ना हे पाहावे आणि खिडकी उघडी ठेवावी, कारण हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते. नंतर हायड्रोमीटरने सहाही सेल तपासावेत. आपल्याकडील ट्यूब्युलर बॅटरीत पूर्ण भरलेल्या आम्लाचे विशिष्ट गुरुत्व २७ अंशांवर सुमारे १.२४० असते, आणि तापमान वाढले की दर अंशामागे वाचन ०.०००७ ने उतरते. तेव्हा मे महिन्यात ४२ अंशांच्या आम्लात १.२३० दिसले, तर ती बॅटरी भरलेलीच आहे असे समजून कंट्रोलरला हात लावू नये.